वरकस जमिनी आणि निवृत्तांची घरे

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा हे गाव लागते. पौष पौर्णिमेला येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ह्या यात्रेतील बैलबाजार कोकणात आणि घाटावर सारखाच प्रसिद्ध आहे. म्हशाला जाऊन बैलजोडी आणणे हा ठाणे जिल्ह्यातील कुणबी-आगरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता. अलीकडे मात्र मुरबाड आणि शहापूर ह्या दोन तालुक्यांची नावे शहरातील माणसाच्या कानावर पडतात ती वेगळ्याच व्यवहाराच्या निमित्ताने. डोंगराच्या कुशीत बंगल्यासाठी भूखंड, 'दुसरे घर', आणि आता साठी ओलांडलेल्यांसाठी स्वतंत्र वसाहत. मुंबई-ठाण्यातील आणि वसईतील आपल्या धर्मग्रामांतही अशी जाहिरातपत्रके हातोहात फिरतात. मुले कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात, घरात दोघेच, गुडघे कुरकुरणारे, आणि बँकेत निवृत्तीची पुंजी. अशा स्थितीत हवा चांगली, शेजार आपल्याच वयाचा आणि दवाखाना आवारातच, असे कोणी सांगितले तर मन वळणारच. त्या ओढीची चेष्टा करावी असे आम्हांला वाटत नाही.

तथापि ज्या जमिनीवर हे घर उभे राहणार, ती जमीन कालपर्यंत काय होती आणि घरबांधणीस योग्य अशी केव्हा व कशी ठरली, हे विचारण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही. 'जागा एन.ए. झालेली आहे' हे वाक्य ऐकले की आपले समाधान होते. बिनशेती हा शब्द आपण एखाद्या शिक्क्यासारखा वापरतो. त्या शिक्क्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवावा ह्याच हेतूने हा लेख.

मुरबाड-शहापूरकडील जमिनीची मूळ वाटणी समजून घेतल्याखेरीज पुढचे काही कळत नाही. खालच्या सपाटीला भातखाचरे आणि वर उतारावर वरकस. ह्या दोन जमिनी कागदावर वेगळ्या असल्या तरी शेतीत एकच. वरकसावर पहिल्या वर्षी नागली, पुढे वरई, मग खुरासणी किंवा तीळ, असे घेऊन ती काही वर्षे पडीक टाकावयाची. पडीक म्हणजे टाकून दिलेली नव्हे. त्या काळात तिच्यावर गवत वाढते, झुडुपे वाढतात, ऐनासारख्या झाडांना नवे धुमारे येतात. उन्हाळ्यात ह्या फांद्या व पालापाचोळा, शेण आणि गवत भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर थराथराने अंथरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा, आणि वाऱ्याची दिशा पाहून पेटवून द्यायचे. ह्यालाच राब भाजणे म्हणतात. पहिल्या पावसात त्या राखेवर भात पेरले की रोप जोमाने येते आणि तण कमी होते. म्हणजे खालच्या खाचरातील भाताचा खुराक वरच्या माळावरून येत असे. बैलांचा चारा तेथूनच, चुलीचे सरपण तेथूनच, आणि घराच्या कुडाच्या काठ्याही तेथल्याच. शहरातून आलेल्या पाहुण्याला वरकस दिसते ती ओसाड दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा पाहायला गेलेल्या माणसाची तर खात्रीच पटते की येथे काही पिकत नाही आणि घर बांधले तर कोणाचे काही बिघडत नाही.

ह्या वरकसावर पहिली रेघ ओढली ती इंग्रजांनी. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राखीव व संरक्षित वनांच्या हद्दी ठरू लागल्या, आणि जेथून शेतकरी राबासाठी फांद्या तोडीत असे ती राने सरकारी बंधनाखाली आली. वनखात्याचे म्हणणे, राबाने जंगलाचा नाश होतो. शेतकऱ्याचे म्हणणे, राबाशिवाय भात होत नाही. हा वाद इतका विकोपाला गेला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ह्या दोन जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांसाठी खास वन आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. जमिनीचा उपयोग कोणता हे दूर बसून नकाशावर ठरवायचे आणि तो उपयोग प्रत्यक्ष करणाऱ्याने नंतर अर्ज-विनंत्या करीत राहायचे, ही रीत येथे तेव्हापासूनची आहे. आजच्या भाषेत ज्याला आपण पट्टा बदलणे म्हणतो, त्याचा हा ह्या भागातील पहिला मोठा प्रसंग म्हणता येईल.

दुसरा प्रसंग सावकारीचा. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागे, आणि ठाणे जिल्ह्याचा गवताचा व्यापार त्यावर उभा होता. वरकसावर नागलीपेक्षा गवत राखणे जमीनदाराला अधिक फायद्याचे वाटू लागले. भाताच्या खावटीवर चढत्या व्याजाने घेतलेले कर्ज, त्यापोटी जमीन, आणि जमीन गेल्यावर त्याच जमिनीवर खंडाने राबणे, अशा चक्रात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी कुटुंबे सापडली. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल ह्यांनी ह्याच भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्यांची चळवळ केली होती, हे आपण विसरतो. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटील ह्यांच्यासह ते पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, एवढेच आपल्याला शाळेत शिकवले गेले. १९४५ च्या जानेवारीत शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी जिल्ह्याच्या उत्तर भागात गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव झाला. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल.

ह्या साऱ्यातून १९४८ चा कुळकायदा आला, आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. तालुक्याच्या गावी आजही वृद्ध माणसे 'बत्तीस-ग' आणि 'बत्तीस-म' असे शब्द सहज उच्चारतात. पहिल्याने जमिनीची किंमत ठरली, दुसऱ्याने खरेदीचे प्रमाणपत्र मिळाले. कायद्याने मालकी देताना दोन कुंपणेही घातली. कलम ४३ अन्वये अशा जमिनीची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून होऊ शकत नसे, आणि कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नसे. काहींना ही कुंपणे जाचक वाटली. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सातबारा पाहिला, तो एखाद्या लग्नाच्या किंवा आजारपणाच्या खर्चापायी वर्षभरात पुन्हा भूमिहीन होऊ नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो अनुभवातून आलेला होता.

आदिवासींच्या बाबतीत एवढे कुंपणही पुरले नाही. म्हणून १९७४ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घालण्यात आले. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि तीही राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने. त्याला जोडून आलेल्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात गेलेल्या आदिवासी जमिनी परत देण्याची तरतूद केली. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. (आपल्या वसई तालुक्यातीलही काही गावे मोडतात, हे किती वसईकरांना ठाऊक आहे कोण जाणे.) ह्याच सुमारास, ३० ऑगस्ट १९७५ पासून, खासगी वने शासनाकडे निहित करणारा कायदा अमलात आला. ह्या कायद्याची गुंतागुंत किती असते हे मुलुंडच्या रहिवाशांना विचारावे. इमारती उभ्या राहिल्या, कुटुंबे राहायला आली, आणि मग आपण राहतो ती जमीन कागदोपत्री खासगी वन आहे असे त्यांना कळले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मुरबाड-शहापूरच्या उतारावरील प्रत्येक भूखंडाला असा निकाल मिळेलच असे नाही.

आता वसईकडे वळू, कारण पट्टा बदलतो म्हणजे काय होते हे आपल्या समाजाने स्वतःच्या अंगणात पाहिले आहे. प्रादेशिक योजनेत वसईच्या बागायतीचा मोठा भाग हरित पट्ट्यात होता. केळी, पानवेली, भाजीपाला आणि त्यांना पाणी देणाऱ्या गोड्या विहिरी ह्यांवर हा किनारा जगत होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचे धोरण आले, आणि १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२४ च्या जुलैत निवर्तलेले फादर साहित्यिक म्हणून सर्वांना स्मरतात, परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे लिखाण हरकतींच्या अर्जांच्या रूपाने सरकारदप्तरी पडून आहे.

त्या लढ्याची एक बाजू मात्र येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. प्रादेशिक योजनेत फेरबदल करावयाचा तर कलम २० अन्वये राजपत्रात व वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि लोकांच्या हरकतींसाठी एक महिना ठेवावा लागतो. विकास योजनेतील फेरबदलासाठी कलम ३७ आहे, तेथेही तोच महिना. वसईत हा महिना वाया गेला नाही, कारण वसईत शाळा होत्या, शिक्षक होते, वकील होते, नियतकालिके होती, आणि रविवारी हजारो माणसे एकत्र येतील अशी ठिकाणे होती. सूचना कोणत्या पानावर आली आहे हे सांगणारे कोणीतरी प्रत्येक आळीत होते. एवढे असूनही इमारतींचा लोंढा आपण थांबवू शकलो नाही. काही बागा वाचल्या, काही गावे दीर्घकाळ पालिकेच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी झगडत राहिली, इतकेच. मग एखाद्या कातकरी वाडीवर, जेथील निम्मी माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली असतात, त्या महिन्याचा अर्थ काय?

निवृत्तांसाठी वेगळी वस्ती ही कल्पना मुळात अमेरिकेतली. ॲरिझोना राज्यात १९५४ मध्ये यंगटाउन वसले, आणि त्याच्या शेजारीच १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब ह्या बांधकाम व्यावसायिकाने सन सिटी खुली केली. जेथे सन सिटी उभी राहिली ती कापसाची शेती होती. गोल्फची मैदाने, क्लब, पोहण्याचे तलाव, आणि शाळा एकही नाही. लहान मुलांनी तेथे राहावयाचे नाही असा दंडकच होता. पुढे काउंटीच्या जमीन-वापराच्या नियमांतही हे वयाचे बंधन आले, आणि १९९५ च्या एका केंद्रीय कायद्याने अशा वसाहतींना मान्यता देताना अट घातली की निदान ८० टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरील एक तरी व्यक्ती राहत असावी. म्हणजे त्या देशात जमिनीच्या तुकड्यालाही वय लागू झाले. ह्याचा शेवट कसा होतो ह्याचे एक उदाहरण यंगटाउनमध्येच घडले. घरच्या छळाला कंटाळून एक किशोरवयीन नातू आजी-आजोबांकडे राहायला आला, आणि नगरपालिकेने नियमभंगाबद्दल त्या वृद्धांवर दंड आकारण्यास सुरुवात केली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेले, आणि १९९८ मध्ये त्या गावातील वयाची अटच गळून पडली.

आपल्याकडे जमिनीला वय नाही, आणि नसावे असे आमचे मत आहे. आपल्याकडील प्रयोग अधिक मवाळ आहेत. डिग्निटी फाउंडेशन ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि तिने म्हशाच्या खाली रायगड जिल्ह्यात नेरळजवळ वृद्धांची वसाहत उभारली. पुण्यात परांजपे स्कीम्सची 'अथश्री' ही संकुले प्रसिद्ध आहेत. 'महारेरा'ने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. लिफ्ट कशी असावी, पायऱ्यांऐवजी उतार कोठे हवा, चाकांची खुर्ची जाईल असे दरवाजे, न्हाणीघरात पकडायला दांड्या, असे पुष्कळ उपयुक्त तपशील त्यांत आहेत. हे स्वागतार्हच आहे. ज्येष्ठांच्या नावाने जाहिरात करायची आणि प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवायचे, ह्याला त्यामुळे थोडा आळा बसेल. घराच्या आतले सारे त्यांत आले. ज्या मातीवर घर उभे आहे तिचा आधीचा कसणारा कोठे गेला, हे अर्थातच त्यांत येत नाही. त्या तत्त्वांचे ते कामही नव्हे.

दरम्यान जुनी कुंपणे सैल होत गेली. कुळकायद्याच्या कलम ४३ मध्ये २०१४ साली दुरुस्ती झाली. खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून परवानगीवाचून विक्री करता येऊ लागली. शेतसारा अनेक ठिकाणी काही रुपयांतच असल्यामुळे ही रक्कम किती हे वाचकांनीच ताडावे. बिनशेती परवानगीचेही तसेच. पूर्वी संहितेच्या कलम ४४ खाली अर्ज करावा लागे, आणि नव्वद दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे समजले जाई. २०१४ पासून ही अट टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. २०१७ च्या दुरुस्तीने तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीही आकारणी भरून निवासी वापराकडे नेण्याची वाट मोकळी केली. ह्या दुरुस्त्यांचा फायदा गावातल्या माणसालाही झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलाला वेगळे घर बांधायचे तर तहसील कचेरीचे खेटे वाचले. परंतु जी वाट गावकऱ्याला मोकळी झाली ती भूखंड पाडणाऱ्यालाही मोकळी झाली, आणि दोघांच्या चालण्याचा वेग सारखा नाही. आता ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीकडून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आहे. तो शहापूर तालुक्यातून जातो. मुंबईहून शहापूर जवळ आले, तसे तेथील वरकसही जवळ आले.

राहता राहिले पाणी, आणि आमच्या दृष्टीने तोच कळीचा मुद्दा आहे. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले तेव्हापासून शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे भातसा आले. मुरबाडच्या सरहद्दीवर १९७२ च्या सुमारास औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण झाले, त्याच्या वाढत्या उंचीखाली मुरबाडची गावे हलली. आणि ह्याच तालुक्यांतील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. भाताला पाऊस पुरतो. बारमाही वस्तीला, बागेला आणि आजारी माणसाच्या न्हाणीघराला तो पुरत नाही. वसाहत डोंगरउतारावर असेल तर पाणी बोअरवेलचे, आणि बोअरवेल खोल गेली की खालच्या वाडीची विहीर आटते. वसईच्या विहिरींचे जे झाले ते समुद्राच्या शेजारी झाले. येथे खारे पाणी येणार नाही, नुसता तळ दिसेल.

म्हणून ज्यांना त्या बाजूला खरोखरच घर घ्यावयाचे असेल त्यांनी बिनशेतीचा हुकूम पाहून थांबू नये. त्या गटाचा सातबारा घ्यावा आणि 'इतर अधिकार' हा रकाना वाचावा. कलम ४३ ची नोंद आहे का, ३६-अ ची आहे का, वनाचा शेरा आहे का, हे तेथे दिसते. मग फेरफारांच्या नोंदी १९५७ पर्यंत मागे न्याव्यात. नावे बदलत जाताना दिसतील. आधी एखादे कूळ, मग त्याची मुले, मग एखादे वर्ष असे की एका दिवसात चार फेरफार, आणि त्यानंतर एकही ओळखीचे आडनाव नाही. ते वर्ष कोणते आणि त्या वर्षी गावात काय घडले, हे गावातच कोणीतरी सांगेल. अनुसूचित क्षेत्रातील गाव असेल तर ग्रामसभेत हा विषय आला होता का हेही विचारावे. १९९६ च्या पेसा कायद्याने त्या सभेला वजन दिलेले आहे. शेजारच्या वाडीची विहीर मे महिन्यात पाहून यावी, जानेवारीत नव्हे.

आणि पट्टा बदलण्याची सूचना वर्तमानपत्रात कोणत्या तारखेला आली होती तेही पाहावे. आषाढात आली असेल, तर त्या महिन्यात गावातली सगळी माणसे चिखलात वाकून भाताची लावणी करीत होती.